बावीस समजून सव्वीस

(भुसावळ येथील व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, भुसावळात अपघातावर बोलायचं म्हणजे जरा जपूनच. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची हयात रेल्वेत गेलीय. अपघातानंतर चौकशी कशी बसते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. तिथं पहिला प्रश्न ठरलेला: कोण चुकलं? मला त्यात फारसा रस नाही. त्या माणसाला त्या घटकेला ते बरोबर का वाटलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी मुंबईचंच घेऊ. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझला यायला निघालं आणि उतरलं जुहूला. आखूड धावपट्टी संपली, विमान टोकाबाहेर गेलं, मोडलं. कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. गंमत म्हणजे १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमानही असंच जुहूला उतरलं होतं. दोन्ही विमानतळ एकमेकांच्या शेजारी, दोन्हीकडच्या पट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. वैमानिक पट्टी शोधत होता, पट्टी दिसली, दिशाही जुळली. मग शंका यायची कुठून?

धावपट्टीला नंबर असतो तो होकायंत्राच्या दिशेवरून. २२० अंशांकडे तोंड असलेली बावीस, २६० अंशांची सव्वीस. हा हिशोब लक्षात ठेवा.

२७ ऑगस्ट २००६, अमेरिकेतलं लेक्सिंग्टन. पहाटेचा अंधार. कॉमएअरच्या विमानाला बावीस नंबरवरून उड्डाणाची परवानगी मिळाली. ती पट्टी सात हजार फुटांची. तिच्याकडे जाताना वाटेत सव्वीस लागते, साडेतीन हजार फुटांची, लहान विमानांसाठीची. वैमानिक सव्वीसवरच वळले. विमानतळावर काम चालू असल्यानं विमानानं पट्टीपर्यंत चालत जायची वाट बदललेली, आणि हातातल्या नकाशात तो बदल आलेला नव्हता. नियंत्रण मनोऱ्यात एकटाच नियंत्रक. परवानगी देऊन तो पाठ फिरवून कागदपत्रांच्या कामाला लागला. पट्टीकडे जाताना दोघा वैमानिकांच्या नोकरीबिकरीच्या गप्पा चालल्या होत्या. नियमानं त्या वेळी अशा गप्पा बंद असतात, पण कोणाच्या होत नाहीत?

मला खरं हलवणारी गोष्ट पुढची. सव्वीसवर दिवे नव्हते. वेग घेताना सहवैमानिक म्हणाला, दिवे नाहीत, विचित्रच आहे. कॅप्टननं हो म्हटलं. म्हणजे डोळ्यांनी काम केलं होतं, तोंडानंही केलं होतं! समोरचं यंत्रही बावीसच्या ऐवजी सव्वीसची दिशा दाखवत होतं. पण ‘आपण बावीसवर आहोत’ हे मनात एकदा पक्कं झालं, की विरुद्ध पुरावा विचित्र वाटतो, चूक वाटत नाही. विमानातल्या पन्नासांपैकी ४९ गेले. सहवैमानिक तेवढा वाचला.

आता तुमच्या इंजिनातली एक रीत. लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात. बाहेरच्या माणसाला पोरखेळ वाटतो, दोघांनाही दिसतंय तर ओरडायचं कशाला? पण एकाच्या डोक्यातला सिग्नल दुसऱ्यानं तपासायचा असेल, तर तो आधी बाहेर यायला हवा. विमानातही नियंत्रकाचा हुकूम शब्दशः परत म्हणून दाखवतात, तो याचसाठी. मात्र पुकारणं निव्वळ सवयीनं होऊ लागलं तर त्याचा उपयोग शून्य, हेही तुम्ही जाणता.

आणि असिस्टंटला साहेबापुढे बोलता आलं पाहिजे. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुकं. पट्टीवर पॅन अ‍ॅमचं जंबो अजून चालतच होतं, आणि दुसऱ्या टोकाकडून केएलएमचं जंबो धावत सुटलेलं. रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यांची नुसती शिट्टी ऐकू आली. तरी तिथल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं, तो पॅन अमेरिकन अजून पट्टीवरून हटला नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, हटलाय. विषय संपला. कॅप्टन साधासुधा नव्हता, कंपनीत इतरांना शिकवणारा माणूस. ५८३ माणसं मेली. आपल्या कचेऱ्यांत ‘साहेब, जरा थांबा’ म्हणायला किती वर्षांची नोकरी लागते, ते सांगायला नको. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठानं बोलणं आणि वरिष्ठानं ऐकणं हा रीतसर विषय झाला.

मघाशी एक चिठ्ठी आली, ‘मग यंत्रच का लावत नाहीत?’ लावली आहेत. चुकीच्या पट्टीवर वळलात तर बोलून सांगणारी यंत्रंही आहेत. पण २ जानेवारी २०२४ चं टोकियोचं हानेदा विमानतळ बघा. उतरणारं मोठं विमान पट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षकच्या सहांपैकी पाच गेले. पट्टी रिकामी नाही, हा इशारा मनोऱ्यातल्या पडद्यावर रंग बदलून येत होता. नियंत्रकाच्या तो लक्षात आला नाही. त्यानंतर जपाननं तिथं काय केलं असेल? त्या पडद्याकडे बघत बसायला एक वेगळा माणूस नेमला.

चला, आता तुमचे प्रश्न येऊ द्या. रेल्वेवाल्यांचे आधी घेऊ.