टाळ्या थांबत नाहीत तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

चेलो, म्हणजे गजानं वाजवायचं व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य, आणि पियानो यांची मैफल संपलेली असते. ब्राम्स या जर्मन संगीतकाराचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना, वाजून झालेला असतो, दोघे कलाकार अभिवादन करून आत गेलेले असतात, पण टाळ्या काही थांबत नाहीत. मग ते परत येतात आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेली तीन-चार मिनिटांची एखादी रचना वाजवतात. हा एन्कोअर. आपल्या संगीत नाटकात वन्स मोअर मिळाला की तेच पद पुन्हा गायलं जाई; इथे बहुतेक वेळा नवीन काहीतरी ऐकायला मिळतं.

या छोट्या रचनांना कुणी किरकोळ म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. सोनाट्यात एखादी जागा फिकी गेली तरी पुढे सावरायला अवधी असतो. इथे पहिलाच स्वर नीट लागला नाही तर रचनाच हातची गेली.

कामिय सँ-सान्सचा ‘हंस’ घ्या. १८८६ साली या फ्रेंच संगीतकारानं प्राण्यांवर चौदा भागांची एक गमतीदार मालिका लिहिली आणि शार्ल लबूक या चेलोवादकाच्या खासगी मैफलीत ती वाजली. अशा थट्टेनं आपल्या गंभीर संगीताकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहतील असं वाटून त्यानं ती हयातीत छापू दिली नाही. अपवाद एकच, तेरावा भाग, ‘हंस’. बाकीची मालिका छापली गेली ती १९२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

‘हंस’मध्ये पियानोचे स्वर अखंड वाहत राहतात आणि त्यांच्यावर चेलोची एकच लांब, संथ धून. वेग नाही, चमत्कृती नाही, आणि अवघड आहे ते नेमकं यामुळेच. गजाची दिशा बदलते तो क्षण ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ही कसरत काय असते ते आपल्या सारंगीवादकांना विचारा! एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मींड जरा जास्त झाली की धून लाडिक होते. मला तरी ती आखडत्या हातानं घेतलेलीच आवडते. पियानोवादकाचीही परीक्षा असते. स्वर लांबवणाऱ्या पेडलवर पाय थोडा जास्त रेंगाळला की सगळे स्वर एकमेकांत मिसळून धूसर होतात.

याच्या अगदी उलट डेव्हिड पॉपर. १८४३ मध्ये प्रागला जन्मलेला, पुढे बुडापेस्टला शिकवणारा हा स्वतः मोठा चेलोवादक. त्याचं ‘एल्फेनटान्झ’ म्हणजे पऱ्यांचा नाच. गज तारेवर उड्या मारत राहतो, बोटं तारेच्या पार वरच्या टोकापर्यंत धावतात, आणि एवढं धिप्पाड वाद्य इतकं हलकं होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही.

काही एन्कोअर मुळात गाण्यांतून आले आहेत. रखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराचं ‘व्होकॅलीझ’ मूळचं सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या स्त्री-आवाजासाठी, आणि त्या गाण्यात शब्दच नाहीत. म्हणून तर ते चेलोला इतकं सहज मानवलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती ‘पक्ष्यांचं गाणं’ ही स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनिया प्रांताची जुनी नाताळची धून. पाब्लो कासाल्स हा थोर चेलोवादक कॅटलोनियाचाच. १९३९ मध्ये स्पेन हुकूमशहा फ्रँकोच्या ताब्यात गेला तेव्हा तो सरहद्दीपलीकडे, फ्रान्समधल्या प्राद गावी राहत होता. महायुद्धानंतरही इतर देशांनी फ्रँकोला सत्तेवर राहू दिलं, तेव्हा त्यानं निषेध म्हणून जाहीर मैफली बंद केल्या. पुढे पुन्हा वाजवू लागल्यावर मैफलीच्या शेवटी तो ही धून वाजवायचा. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोर त्यानं शेवटी हीच वाजवली. पियानोवर मिएचिस्लाव होर्शोव्स्की होते. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ती वाजवण्याआधी तो म्हणाला की पक्षी ‘शांती, शांती’ असं गातात. ज्या मायदेशी तो परत जाऊ शकत नव्हता, तो त्या चार मिनिटांत मावलेला असायचा.

आता ही धून ऐकू या. सुरुवातीला पियानोच्या वरच्या सप्तकात स्वर थरथरतील, ते पक्षी. चेलो येण्याआधीची ती थोडी जागा निसटू देऊ नका.