हत्तीभोवती एक फेरी

मघाशी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, सर आज बोधकथांवर बोलतील. बोध आज मी घरी ठेवून आलोय, कथा तेवढी आणलीय. आणि तीही तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ असलेली: आंधळे आणि हत्ती. पाठ असलेली गोष्ट आपण पुन्हा कधी वाचत नाही, म्हणून मुद्दाम तीच घेतली.

मराठीत ती लिहिलेली सापडते महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठा’त. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी बोलता बोलता दृष्टांत द्यायचे. त्यांच्यामागे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, केसोबासांनी त्यातले ११४ एकत्र केले. मांडणी तिपदरी. वर स्वामींचं सूत्र, मध्ये दृष्टांत म्हणजे ती इवलीशी गोष्ट, आणि खाली दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट सूत्राला कशी लागू पडते त्याचा उलगडा. सूत्र आणि गोष्ट स्वामींची, उलगडा केसोबासांचा. आता गंमत बघा. सूत्र अभ्यासकांना ठाऊक, दार्ष्टांतिक पंथातल्या मंडळींना. गोष्ट मात्र सगळ्यांनी उचलली. खरं तर हे ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत बंद होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातली सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना ते वाचता आले. हत्ती तोवर काही थांबला नव्हता, तो दुसऱ्या वाटांनी घरोघर फिरतच होता. संस्कृतात तर त्याचा ‘अंधगजन्याय’ होऊन बसलाय.

तर गावात हत्ती येतो आणि जन्मांध माणसं त्याला ‘पाहायला’ जातात. पाय हाती लागलेला म्हणतो, खांबासारखा. कान चाचपलेला म्हणतो, सुपासारखा. सोंडवाल्याला मुसळ वाटतं, शेपटीवाल्याला खराटा. भांडण जुंपतं. तिथे एक डोळस माणूस असतो, तो सांगतो की तुम्ही एकेक अवयव पाहिलात, हे सगळं मिळून हत्ती.

खांब, सूप, मुसळ, खराटा. ओसरीवरून माजघरात जाऊन परसदारी निघालं की चारही वस्तू वाटेत भेटतात. केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा स्वामींच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी अडवलं: असं करू नका, माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे या ज्ञानाला मुकतील. भाषेच्या अभिमानाचं वाक्य म्हणून आपण ते भाषणांतून वापरतो. मला त्यात म्हाताऱ्या दिसतात. सूप पाखडून हात भरून आलेल्या बाईला हत्तीचा कान सांगायचा तर सूपच सांगावं लागतं, दुसरं काय सांगणार?

हीच कथा पालीत, ‘उदान’ या बौद्ध ग्रंथात, शेकडो वर्षं आधी आहे. तिथे श्रावस्तीचा राजा गावातले जन्मांध गोळा करवतो आणि त्यांना हत्ती दाखवायला लावतो. उपमांची यादी लांबलचक: डोकं म्हणजे मडकं, सुळा म्हणजे नांगराचा फाळ, अंग म्हणजे धान्याचं कोठार. कान तिथेही सूपच! पाय खांबच. मुसळसुद्धा आहे, फक्त ते तिथे शेपटीला लावलंय, आणि खराटा शेपटीच्या गोंड्याला. शेवटी आंधळे एकमेकांना गुद्दे घालतात आणि राजाची करमणूक होते. हा राजा मला फार खटकतो. त्याला हत्ती दिसतोय, पण तो सांगत कुणालाच नाही.

तिसरी बैठक दूर, तुर्कस्तानातल्या कोन्यात. तिथला सूफी कवी मौलाना रूमी १२७३ साली वारला, म्हणजे इकडे चक्रधर आणि तिकडे तो, दोघांचं शतक एकच. त्याच्या ‘मसनवी’त हिंदुस्थानातून आणलेला हत्ती एका काळोख्या घरात ठेवलाय. बघायला येणारे आंधळे नाहीतच, चांगले डोळस आहेत. फक्त अंधार आहे. सोंड पन्हळीसारखी, कान पंख्यासारखा, पाठ सिंहासनासारखी. सूप गेलं, पंखा आला! आणि त्याचं म्हणणं काय, तर प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती असती तर वाद मिटला असता.

म्हणजे चाचपडणारे हात, हत्ती, भांडण हे सगळीकडे तेच. बाजूला उभा आहे तो माणूस मात्र प्रत्येक वेळी बदलतो. एका ठिकाणी हसणारा राजा, दुसरीकडे समजावणारा डोळस, तिसरीकडे कुणीच नाही, नुसती मेणबत्तीची उणीव. छोटी गोष्ट वाचताना मी आताशा आधी त्या बाजूच्या माणसाला शोधतो. सांगणाऱ्याचा स्वभाव तिथे कळतो.

दोन वर्षांपूर्वी असंच एका वाचनालयात हे सगळं रंगवून सांगत होतो. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक बाई थांबल्या. जन्मापासून दिसत नाही त्यांना. म्हणाल्या, “सर, ही गोष्ट डोळसांनी रचलीय.” मी विचारलं, कशावरून? त्यांनी समोरच्या टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली, कोपऱ्यापर्यंत नेली, वळवली, खाली पायाला लावली, वर आणली आणि चालत चालत पूर्ण फेरी मारून परत माझ्यापाशी आल्या. वाटेत पाण्याचा तांब्या होता, त्यालाही धक्का लागला नाही. “आम्ही पाय धरून तिथेच कशाला थांबू? आमचं अर्धं आयुष्य फेऱ्या मारण्यातच जातं. आणि पाचजण असलो तर एकमेकांना विचारू ना, तुझ्याकडे काय लागतंय म्हणून.”

सातशे वर्षांचं दार्ष्टांतिक त्यांनी एका फेरीत परतवलं. मला काही सुचेना, म्हणून उगाच म्हटलं, “म्हणजे तुम्ही असता तर हत्ती बरोबर ओळखला असता.”

“हत्तीला हात लावायच्या आधी,” त्या म्हणाल्या, “मी माहुताला विचारलं असतं, लाथ मारतो का.”

माहूत! तिन्ही गोष्टींत तो कुठेच नाही, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.