बेंबीतला एकच छेद

श्रोतेहो, नमस्कार. पित्ताशय दुर्बिणीतून काढताना पोटावर साधारणपणे चार छिद्रं पडतात. दोन दहा मिलिमीटरची, दोन पाचची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९०मध्ये भारतात ही शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे १९९७मध्ये इटलीतल्या नवारा यांनी सगळी अवजारं बेंबीतल्या एकाच जखमेतून घालून पित्ताशय काढल्याचं प्रसिद्ध केलं. व्रण बेंबीच्या वळीत लपतो, म्हणून रुग्णांना हे आवडतं.

पण चाराच्या जागी एक, म्हणजे त्रास पाव, असा हिशेब नसतो. बेंबीतला छेद दोन ते अडीच सेंटिमीटरचा असतो. दुर्बीण आणि दोन्ही हातांची अवजारं तिथून एकमेकांना चिकटून आत जातात. बाहेर मुठी आपटतात. दुर्बिणीची प्रकाशाची केबल बाजूला निघाली तर हाताला अडते, म्हणून लांब आणि मागून केबल निघणारी दुर्बीण घ्यावी लागते.

खरी अडचण मात्र आत आहे. चार छिद्रांत पित्ताशयाची मान उजवीकडे बाहेर ओढता येते, त्यामुळे त्याची नळी मुख्य पित्तनलिकेपासून वेगळी दिसते. एका छेदातून ओढ वरच्या दिशेनेच लागते. दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि मुख्य नळीच पित्ताशयाची समजून कापली जाण्याचा धोका वाढतो. त्यावर एक उपाय म्हणजे पोटाच्या भिंतीतून टाका घालून पित्ताशय टांगणं. पण सुई पित्ताशयात शिरली तर पित्त सांडतं. नियम तोच: पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला आणि त्यात शिरणाऱ्या दोनच नळ्या, म्हणजे त्याची पित्ताची नळी आणि रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. दिसत नसेल तर पाच मिलिमीटरचं जादा छिद्र पाडावं. त्यात कमीपणा कसला?

दुसरा प्रश्न हर्नियाचा. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री तुलनेत वर्षभरानंतर छेदाच्या जागी हर्निया एकछेद गटात ८.४ टक्के, तर चार छिद्रांच्या गटात १.२ टक्के रुग्णांना आढळला. कातडीखालचा पांढरा, कणखर पडदा जितका जास्त कापाल, तितका तो नीट शिवावा लागतो. दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहून, पडद्याच्या कडा पूर्ण पकडून, हळू विरघळणाऱ्या धाग्याने. कातडी सुंदर शिवली, पण पडद्याचं एक टोक सुटलं, तर खोकताना बेंबीपाशी फुगवटा येतो.

पुढची वाट यंत्रमानवाची. २०१८मध्ये अमेरिकेत मूत्ररोगासाठी मंजुरी मिळालेल्या एकछेदी यंत्रात २५ मिलिमीटरच्या नळीतून कॅमेरा आणि मनगट-कोपरासारखी वळणारी तीन अवजारं जातात. मुठींची टक्कर मिटते. छेदाची लांबी मात्र तीच राहते, म्हणजे पडदा शिवण्याचं काम शिल्लकच.

तूर्तास पित्ताशय सुजलेलं, मुख्य नळीत खडा, बेंबीत आधीचा हर्निया किंवा पोटावर भरपूर चरबी असेल, तर चार छिद्रांचाच आग्रह धरावा.