पहाटे धाब्यावर उठणारा आळशी

श्रोतेहो, नमस्कार.

संक्रांत आटोपली की बडोद्यातल्या बारावीच्या घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. शाळेची प्रिलिम झालेली असते, बोर्डाची परीक्षा महिना-दीड महिन्यावर येऊन ठेपलेली असते, आणि नेमक्या याच वेळी वर्षभर बऱ्यापैकी अभ्यास करणारे मूल हातपाय गाळून बसते. पुस्तक उघडे असते, पण पान उलटत नाही. शाळेचा कंटाळा, ट्यूशनचा कंटाळा, आणि विचारले तर 'होईल गं आई' एवढेच उत्तर. मी या शहरातल्या दोन शाळांत मिळून ३१ वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्या दिवसांत येणाऱ्या आयांचे पहिले वाक्य ठरलेले असे : 'बाई, हा अगदी आळशी झालाय हो.'

या एका शब्दाबद्दलच आज मला बोलायचे आहे, कारण तो मला कधी पटला नाही. ज्या मुलाबद्दल ही तक्रार असते, तोच मुलगा १४ जानेवारीला, म्हणजे पतंगांच्या उत्तरायणाला, पहाटे साडेपाचला, कोणी न उठवता, धाब्यावर हजर असतो. (आपण बडोद्याचे मराठी लोक गच्चीला धाबे म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांना त्यावरून जेवणाचा ढाबा आठवतो, त्याला इलाज नाही.) बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून तो दिवसभर उन्हात उभा राहतो, ऊंधियू आणि जिलेबी वर नेऊन द्यावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी वाशी उत्तरायणाला हे सगळे तो पुन्हा पहिल्यापासून करतो. आळस त्याच्या अंगातच असता, तर या दोन दिवसांत तो कुठे गेला होता? अंगात नसेल, तर तो त्या मुलाच्या आणि त्या विशिष्ट कामाच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिथेच तो शोधला पाहिजे.

क्लार्क हल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली असा सिद्धान्त मांडला की उद्दिष्ट जसजसे जवळ येते तसतसा प्राण्याचा वेग वाढतो. लांब बोळातून धावणारे उंदीर खाण्याच्या जवळ पोहोचताना अधिक जोराने धावतात, असे त्याला दिसले. आपल्या शेतकऱ्यांना हे उंदरांवाचूनही माहीत होते. संध्याकाळी घरच्या वाटेला लागलेला बैल कसा चालतो ते त्यांनी रोज पाहिलेले असते. मग बारा वर्षे चालून आलेले आपले मूल घर दिसू लागल्यावरच का रेंगाळते? माझ्या मते याचे कारण एवढेच, की ज्याला आपण त्याचे घर समजतो ते त्याचे घर नसते. एक तर मूल घरी आधीच पोहोचलेले असते, किंवा त्याचे घर दुसऱ्याच गल्लीत असते.

आधीच पोहोचलेल्या मुलांचे उदाहरण अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर सापडते. तिथे बारावीतल्या मुलांचे कॉलेजांचे अर्ज साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जातात आणि वसंत ऋतूत प्रवेशाचे निर्णय कळतात, पण शाळा मात्र मे-जूनपर्यंत चालूच असते. त्या उरलेल्या महिन्यांत मुलांना जी सुस्ती येते तिला तिथल्या लोकांनी थट्टेने 'सीनियरायटिस' असे नाव देऊन टाकले आहे. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, तसा हा वरच्या वर्गाला होणारा आजार. कॉलेजे शेवटचे गुणपत्रक मागवतात आणि फारच घसरगुंडी दिसली तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात, तरी आजार हटत नाही. प्रवेश जाण्याच्या भीतीने मूल पास होण्यापुरते करते, त्यापलीकडे ती भीती त्याला नेत नाही. थट्टेचा हा विषय पुढे गंभीर झाला आणि २००१ साली तिथल्या एका राष्ट्रीय आयोगाने आपल्या अहवालात शाळेच्या या शेवटच्या वर्षाला 'हुकलेली संधी' असेच म्हटले.

आपल्याकडेही अशी मुले आता थोडी नाहीत. एखाद्या खाजगी विद्यापीठात दिवाळीनंतर पैसे भरून जागा पक्की झालेली असते, किंवा परदेशी शिकायला लागणारी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देऊन झालेली असते आणि घरात कॅनडाच्या थंडीच्या गोष्टी चाललेल्या असतात. परंतु बडोद्यातल्या विज्ञान शाखेच्या बहुसंख्य मुलांची गोष्ट दुसरी आहे. त्यांचे लक्ष प्रवेश परीक्षांवर असते : अभियांत्रिकीसाठी जेईईच्या जानेवारीच्या आणि एप्रिलच्या फेरीवर, वैद्यकीयसाठी नीटवर, नाहीतर गुजरातच्या गुजकेटवर, आणि त्यांचे खरे शिक्षक क्लासमध्ये असतात. शाळा त्यांच्या लेखी हजेरीपुरती उरते. कित्येक पालकांनी तर तेवढीही ठेवलेली नसते. 'डमी अॅडमिशन', म्हणजे नाव शाळेत आणि मूल क्लासमध्ये, हा शब्द आपण आता लाज न वाटता उच्चारतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी गुजरातमध्ये गुजकेटबरोबर बारावीचे गुणही धरतात, आणि आयआयटीत जायला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमधली जागा लागते, हे त्या मुलांना सांगून पाहा. ती मान डोलावतात आणि शाळेला तेवढाच वेळ देतात, जेवढा एखाद्या टोलनाक्याला द्यावा.

राहिली वाणिज्य आणि कला शाखेची मुले. त्यांच्या सुस्तीची चर्चा कुठे होत नाही, कारण त्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षाच धरलेली नसते. 'बारावी झाली की युनिव्हर्सिटीत बी.कॉम.ला' एवढे वाक्य त्यांच्यासमोर असते आणि त्या वाक्यात काही दिसत नाही. मला सगळ्यांत जास्त वाईट याच मुलांचे वाटते.

आता हे असे का झाले, याचा दोष मी मुलांना देणार नाही. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पुढे पैसे थांबल्यावर दिसले असे, की ज्यांना पैसे मिळाले होते ती मुले मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावत होती. आपण पहिलीपासून मुलाला शाळेतून आल्यावर काय विचारत आलो? 'किती मार्क पडले?' बारा वर्षे आपण त्याला गुणांची मजुरी दिली आणि मजुरी ठरून गेली, किंवा दुसऱ्या ठिकाणी जास्त मिळू लागली, की त्याने कुदळ खाली ठेवली. त्यात त्याचा आळस कुठे आहे? आपण शिकवलेला धडा त्याला नको इतका पाठ झाला आहे.

शिक्षकांनाही मी यातून सोडत नाही, आणि शिक्षक म्हणजे मी. प्रिलिम झाल्यावर मी वर्गात जाऊन काय करत असे? 'अभ्यासक्रम पूर्ण झालेला आहे, जुने पेपर सोडवा' असे सांगून मी टेबलाशी बसून जर्नलांवर सह्या करत असे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने अगदी नम्रपणे विचारले की, 'मॅडम, तुम्हालाही कंटाळा येतो ना?' मी तिला गप्प बसवले. तो प्रश्न मात्र मला काही वर्षे पुरला.

दोन गोष्टी मध्येच सांगून घेते, कारण त्या या विषयात मिसळून जातात आणि मग त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पहिली झोपेची. या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते. रात्री अकराच्या आधी झोप येत नाही आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्या सकाळच्या पाळीच्या शाळा साताच्या सुमारास भरतात आणि क्लास रात्री सुटतो, तेव्हा पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी तो किती वाजता झोपला ते विचारावे. उत्तरायणाच्या पहाटे तो उठतो हे खरे, पण दोन दिवस उठणे आणि दोनशे दिवस उठणे यांत फरक आहे. दुसरी गोष्ट अधिक जपून ऐकावी. मूल अभ्यासाला कंटाळले पण पतंगाला, मित्रांना आणि जेवणाला कंटाळले नाही, तर मी आतापर्यंत बोलले ते त्याला लागू आहे. त्याने पतंगही सोडला असेल, मित्रही सोडले असतील, आणि 'काय उपयोग आहे' असे ते पुन्हा पुन्हा बोलत असेल, तर ही सुस्ती नव्हे. तिथे उपदेश करत बसू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या 'टेलि-मानस' या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे फोनला पैसे पडत नाहीत.

शेवटच्या वर्षाचे काय करायचे, याचे एक उदाहरण आपल्याच गावात घडलेले आहे. १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावाहून आणलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेऊन सयाजीराव हे नाव दिले गेले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढची सहा वर्षे ते इलियटसाहेब या इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकले. डिसेंबर १८८१ मध्ये त्यांच्या हाती राज्याचा कारभार यायचा होता. म्हणजे या विद्यार्थ्याची जागा तर जन्मभरासाठी पक्की झालेली होती. सुस्तावण्याचा हक्क कोणाला असेल तर त्याला होता. त्या शेवटच्या वर्षात दिवाण सर टी. माधवरावांनी, हे तंजावरकडच्या मराठी मंडळींपैकी, त्यांच्यापुढे व्याख्यानांची एक मालिकाच दिली : राजाने स्वतः कसे वागावे, न्यायाच्या कामात कुठवर हात घालावा, इंग्रज सरकारशी कसे बोलावे. उजळणी त्यांनी घेतली नाही. काही महिन्यांनी त्या मुलाला जे प्रत्यक्ष करावे लागणार होते, तेच त्यांनी त्याच्यासमोर ठेवले. आपण मात्र याच महिन्यांत मुलांना तोच पेपर पाचव्यांदा सोडवायला बसवतो.

माझ्याकडे अर्थातच राज्य नव्हते. आठवड्याला सहा तास होते. निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत त्यांतले दोन तास मी पेपरांतून सोडवून घेतले. वर्गाला मी एकदा घरचे विजेचे बिल आणायला सांगितले आणि प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका उपकरणाचा महिन्याचा खर्च काढून दाखवायचा असे ठरवले. गिझरचा आकडा पाहून दोघा-तिघांच्या घरी त्या रात्री भांडणे झाली म्हणतात. सगळे प्रयोग साधले नाहीत. काही तास सरळ गोंधळात गेले आणि एका पालकांनी लेखी तक्रारही केली की परीक्षेच्या तोंडावर बाई खेळ करतात.

त्यांतलाच एक तास मला आठवतो. उत्तरायणातले उरलेले पतंग मुलांनी आणले होते आणि शाळेच्या धाब्यावर उभे राहून पतंगाची उंची मोजायची होती. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून पतंगाकडे नेम धरायचा, कोन घ्यायचा, फिरकीतून किती मांजा सुटला ते मोजायचे, आणि दहावीतली त्रिकोणमिती वापरायची. कठड्याशी एक मुलगा नुसताच उभा होता. त्याचे परदेशाचे सगळे ठरलेले होते आणि शाळेत तो आठवड्यातून दोनदाच येत असे. उंचीचा आकडा मी फळ्याऐवजी भिंतीवर खडूने लिहिला तेव्हा तो म्हणाला, 'मॅडम, पण मांजा सरळ कुठे आहे? त्याला झोल आहे. आपण कोन सरळ पतंगाकडे बघून घेतला आणि लांबी मात्र झोलासकट धरली. म्हणजे उंची जास्त आली ना?'

मी म्हटले, 'आली.'

'किती जास्त?'

ते काढायला लागणारे गणित बारावीच्या पुस्तकात नाही, आणि त्या क्षणी मला तोंडपाठही नव्हते. मी त्याला तसे सांगितले. तास संपल्याची घंटा झाली, मुले जिन्याकडे निघाली. बोर्डाच्या परीक्षेला तेव्हा एकोणीस दिवस राहिले होते. त्याने दप्तर पाठीवरून काढले, वहीचे शेवटचे पान उघडले, आणि कोनमापक अजून कोणाकडे आहे का, ते विचारले.