चार जीबीची गादी

(पडद्यावर : कोल्हापूरचं मार्केट यार्ड, सकाळ. रचलेले गुळाचे रवे, हमालांची ये-जा.)

हंगामात या आवारात पाऊल टाकलं की आपण कुठं आलोय ते आधी नाकाला कळतं, मग कानाला. सौदा चालू असतो. तीस किलोचा रवा, दहा किलोचा रवा, पिवळा कुठला, तांबूस कुठला, कण कसा पडलाय. व्यापारी एक तुकडा जिभेवर ठेवतो आणि तेवढ्यावर हजारोंचा व्यवहार उभा राहतो. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली. पेठेतला गूळ पुढं यार्डात आला, पण जिभेवरचा तो तुकडा काही बदलला नाही.

सौदा झटक्यात होतो. घोडं अडतं ते पट्टीपाशी.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद. रवे किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात काय उरलं. कागद मिळाल्याशिवाय माणूस हलत नाही आणि एसटी काही त्याच्यासाठी थांबत नाही. पेढीवर दिवाणजी संगणकासमोर बसलेत. स्क्रीनवर निळं कडं गोल गोल फिरतंय.

"बसा की आण्णा. फिरतंय अजून."

आण्णा बसतात. चहा सांगितला जातो. चहा येतो, पिऊन होतो. कडं फिरतंच असतं.

(पडद्यावर : पेढीचा आतला भाग. भिंतीला लाकडी माळा, त्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या.)

दिवाणजींची निम्मी हयात या लाल वह्यांत गेली. कीर्द, खतावणी, रोजमेळ. संगणक आला तेव्हा त्यांनी कुरकुर केली, मग शिकले, आणि आता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची बोटं पोरांपेक्षा लवकर चालतात. म्हणून तर त्यांचा राग जास्त. "मी तयार हाय, पण हे तयार न्हाई," म्हणतात.

यंत्र तसं जुनाट नाही. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एक टीबीची हार्ड डिस्क, चार जीबी रॅम. घेतलं तेव्हा चार जीबीत सगळं भागत होतं. मग विंडोज १० ची मुदत संपायला आली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. बँकेची आणि जीएसटीची कामं याच यंत्रावर, त्यामुळं कर सल्लागारानं टुमणं लावलं आणि विंडोज ११ घालून झालं. यंत्रानं ते घेतलं, कारण अकरासाठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय त्यात होतीच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावी लागली. रॅमही किमान चार जीबीच मागितलेली. म्हणजे कागदावर सगळं बरोबर.

हा 'किमान' शब्द मात्र जरा जपून वाचावा. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा किमान ६४ एमबी लागत होती. एमबी, जीबी नव्हे. २०१५ साली विंडोज १० च्या ६४-बिट आवृत्तीला २ जीबी, २०२१ साली अकराला ४ जीबी. वीस वर्षांत मागणी चौसष्टपट. आणि किमान म्हणजे काय, तर यंत्र सुरू होईल. त्यावर तुम्ही टॅली उघडाल, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पान, बँकेचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा बारा खिडक्या ठेवाल, मागं अँटिव्हायरस पहारा देत बसेल, हे त्यात धरलेलं नसतं. लग्नाच्या हॉलमध्ये पन्नास पानं बसतात म्हणून कोणी पन्नासच माणसांना बोलावतं का?

मालकांचं म्हणणं, मशीन बाद झालं, नवीन घेऊ. ऐन हंगामात.

(पडद्यावर : राजारामपुरीतली एक गल्ली. दुचाकीवरून निघालेला दुरुस्तीवाला.)

कोल्हापूरला यंत्र उघडून बघायची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. उद्यमनगरातल्या लेथवर आजही आधी 'खोलून बघू' म्हणतात, मग 'नवीन आणा'. हा पोरगा त्याच गावचा. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि शाळेतलं खोडरबर. रॅम नाही आणली. दिवाणजींना तेच खटकलं.

"आधी बघूया तर, कशात अडकलंय ते."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला, यंत्रात कोण किती काम करतंय ते दाखवणारा. प्रोसेसर ११ टक्के. मेमरी, म्हणजे रॅम, ९२ टक्के. डिस्क १०० टक्के.

इथं जरा थांबू, कारण सगळी गोम या तीन आकड्यांत आहे. प्रोसेसर ११ टक्के, म्हणजे यंत्राचं डोकं जवळजवळ रिकामं बसलंय. ते मंद नाही. ते वाट बघतंय.

कशाची, ते या पेढीवर समजावून सांगायला फार सोपं. दिवाणजींची गादी आणि वरचा माळा. ज्या वह्या रोज लागतात त्या गादीवर उघड्या, बाकीच्या माळ्यावर. रॅम ही गादी. हार्ड डिस्क हा माळा. गादीवर चारच वह्या मावतात आणि पाचवी हवी झाली, तर एक मिटायची, शिडी लावायची, वर ठेवायची, पाचवी खाली आणायची. दोन मिनिटांनी पहिलीच लागली की पुन्हा शिडी. दिवसभर माणूस शिडीवर. हिशेब कधी करणार?

विंडोज हेच करते, आणि गंमत म्हणजे तिचा शब्दही वहीतलाच आहे. ती रॅमचे चार चार किलोबाइटचे तुकडे पाडते आणि त्यांना 'पेज' म्हणते, म्हणजे पानंच. रॅम भरली की सध्या न लागणारी पानं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवते. दिवाणजी हे ऐकून पहिल्यांदा हसले. "म्हणजे खातं-पानच की."

आता शिडी किती उंच ते बघा. रॅममधलं पान मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांच्या वर. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. नुसता हा अर्धा फेराच रॅमच्या चाळीस हजारपट झाला. सुई इकडून तिकडं सरकायचा वेळ अजून धरलेलाच नाही. डिस्कचा १०० टक्के आकडा हाच. माणूस शिडीवर.

(पडद्यावर : कॅबिनेट उघडलं जातं. धूळ. मुंग्यांची एक रांग.)

गुळाच्या पेढीवरचा संगणक, मुंग्या असणारच. ब्रश फिरला.

पाठीमागची वायर काढलेली. पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवलेली. पोरगा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो, मगच आत घालतो. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, चिपला मात्र पुरते.

बोर्डावर रॅमच्या दोन खाचा. एक भरलेली, एक रिकामी. ही रिकामी खाच दिसली आणि मालकांचा चेहरा जरा सैल झाला. खरं तर कॅबिनेट न उघडताही ती कळली असती. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'दोनपैकी एक स्लॉट वापरात' असं लिहिलेलं असतं. पण मालकांना डोळ्यांनी बघायचं होतं.

जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचलं. हो, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत रॅमलाही पट्टीच म्हणतात. दिवाणजींचा त्यावर थोडा गोंधळ झाला. प्रकार डीडीआर४, चार जीबी, वेग २४००. दुकानात मिळाली आठ जीबीची, २६६६ ची. चालते. हा प्रोसेसर २४०० च्या पुढं जात नाही, नवी पट्टी गुमान त्याच वेगानं चालते. चार आणि आठ असा विजोड जोडही चालतो. दोन्हींतले चार चार जीबी जोडीनं पळतात, उरलेले चार एकटे.

भावाचं मात्र बोलायला नको. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे दर भडकलेत. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या मोठ्या सर्व्हरकडं, साध्या पट्टीला कोण विचारतो? कुठल्या तरी देशात कोणी यंत्राला कविता करायला शिकवतंय आणि इथं गुळाच्या पट्टीला रॅमची पट्टी महाग झाली.

बसवण्यापूर्वी जुन्या पट्टीच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवलं. ही कला इथल्या पोरांच्या हातात २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पक्की बसली, पाण्यातून निघालेले संगणक पोत्यांतून येत होते तेव्हा. मग खाच जुळवून, दोन्ही टोकांना अंगठ्यानं सारखा दाब. टक. कडी आपोआप मिटली.

बटण दाबलं. स्क्रीन काळी. दिवाणजींनी हात जोडले. नवी मेमरी ओळखायला बोर्ड पहिल्यांदा थोडा वेळ घेतो, एवढंच. आलं. बारा जीबी.

टॅली, जीएसटी, बँक, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं उघडलं. एकातून दुसऱ्यात जाताना कडं फिरलं नाही. पण दिवाणजींचं लक्ष टास्क मॅनेजरवर. मघाशी साडेतीन जीबी वापरात होती, आता सहा.

"लेका, जास्त दिली तर जास्तच खातंय की हे!"

प्रश्न बरोबर आहे आणि भल्याभल्यांना पडतो. आधी विंडोज पोट आवळून होती. पानं दाबून लहान करत होती, माळ्यावर पाठवत होती. आता जागा मिळाली तर पानं खालीच ठेवते. उरलेल्या जागेतही लागतील असं वाटणाऱ्या फाइली आधीच आणून ठेवते, आणि कोणाला जागा हवी झाली की लगेच मोकळी करून देते. गादी मोठी केल्यावर वह्या माळ्यावर कोण ठेवेल?

सकाळी यंत्र सुरू व्हायला लागणारा वेळ मात्र फारसा घटला नाही. घटणारही नव्हता. सुरुवातीला गादी रिकामीच असते, सगळ्या वह्या माळ्यावरून उतरवाव्याच लागतात. त्याला उपाय हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, जिच्यात फिरणारं काहीच नाही. पोरानं ते पहिल्याच दिवशी सांगितलं. मालक म्हणाले, हंगाम उलटू दे. आठवड्यानं स्वतःच फोन केला.

एकाच खर्चाची ऐपत असेल तर आधी काय? आमचं मत : आठ जीबी आधीच असतील तर एसएसडी. चारच असतील आणि अकरा चालवायची असेल, तर रॅम. नाहीतर नवी कोरी एसएसडी दिवसभर पानांची हमाली करत बसते.

(पडद्यावर : वजनकाट्याजवळचा जुना संगणक.)

काट्यावरच्या यंत्रालाही रॅम घाल, असं मालकांनी हौसेनं सांगितलं. ते तिसऱ्या पिढीचं, डीडीआर३ चं. त्या पट्टीला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी; एकीच्या घरात दुसरी बसत नाही. आणि प्रोसेसरच अकराच्या यादीत नाही.

"याला सोळा घातली तरी अकरा रीतसर येणार न्हाई, मालक. कशाला पैसे घालताय?"

इंटरनेटची वायर काढून टाकली. आता ते फक्त वजन घेतं.

(पडद्यावर : पेढी. प्रिंटरचा आवाज.)

आण्णा पुन्हा आलेत. या खेपेला बावीस रवे. दिवाणजींनी आकडे घातले, एंटर मारला, कागद बाहेर. आण्णांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. आणि बसूनच राहिले.

"काय राहिलं का, आण्णा?"

"च्या सांगिटलायसा न्हवं?"

चहावाला अजून चौकातच आहे.