आटाकामातल्या डिश आणि कलोनची सूची

(दृश्य: उजाडताना पठार. डिशच्या रांगा. निवेदन थोड्या विरामानंतर सुरू.)

चिलीतलं आटाकामाचं वाळवंट. चाखनांतोरचं पठार, उंची ५,००० मीटर. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या जवळपास निम्मा, म्हणून इथे काम करणाऱ्यांच्या नाकाशी प्राणवायूची नळी असते. पाऊस जवळजवळ नाहीच, आणि जागा निवडली ती त्याचसाठी. अंतराळातल्या थंड वायूकडून येणाऱ्या मिलिमीटर लांबीच्या लहरी हवेतली वाफ शोषून घेते. इथल्या कोरड्या, विरळ हवेतून त्या जमिनीपर्यंत पोचतात.

एकूण ६६ डिश. ५४ डिश १२ मीटर व्यासाच्या, बाकीच्या १२ डिश ७ मीटरच्या. या दुर्बिणीचं नाव आल्मा. युरोप, अमेरिका, कॅनडा, जपान, तैवान, दक्षिण कोरिया आणि यजमान चिली यांची ही सामायिक वेधशाळा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिलेल्यांना तत्त्व ओळखीचं वाटेल: अनेक डिश मिळून एक दुर्बीण. पण जीएमआरटी मीटरभर लांबीच्या लहरी टिपते, तिच्या डिश तारेच्या जाळीच्या असल्या तरी चालतं. इथे लहरीच इतक्या आखूड की डिशच्या पृष्ठभागात केसाच्या जाडीएवढाही उंचसखलपणा चालत नाही.

(दृश्य: पिवळा वाहक डिश उचलतो. इंजिनाचा आवाज पूर्ण ऐकू द्या.)

हा डिश वाहून नेणारा वाहक, नाव ऑटो. असाच दुसरा आहे, त्याचं नाव लोरे. प्रत्येकाला २८ चाकं, स्वतःचं वजन १३० टन, आणि पाठीवर घेतलेली डिश साधारण १०० टनांची. ती उचलायची, दुसऱ्या चौथऱ्याशी न्यायची आणि मिलिमीटरचा हिशोब सांभाळत खाली ठेवायची. हा खटाटोप सतत करावा लागतो. डिश जवळजवळ असल्या की अंतराळातला वायूचा पसरट ढग नीट दिसतो. त्या १६ किलोमीटरपर्यंत पांगवल्या की बारीक तपशील उलगडतात.

(दृश्य: एचएल टॉरीचं चित्र, पूर्ण पडदा.)

२०१४ सालचं हे चित्र जगभर पोचलं. सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरच्या एका कोवळ्या ताऱ्याभोवतीची धुळीची तबकडी, आणि तिच्यातली कडी. कदाचित इथे ग्रह घडत असतील. पण या तबकडीत कोणती द्रव्यं आहेत, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही.

(दृश्य: नियंत्रण कक्ष. संगणकाच्या पडद्यावर वर्णपट.)

ते इथे कळतं. भुजंगधारी तारकासमूहात, चारेकशे प्रकाशवर्षांवर, आयआरएएस १६२९३ नावाची बालताऱ्यांची जोडी आहे. तिचा हा वर्णपट. प्रत्येक उभी रेष म्हणजे वायूतला एखादा रेणू स्वतःभोवती फिरताना सोडतो ती लहर. कुठला रेणू कुठल्या वारंवारितेला लहर सोडणार, हे ठरलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडची ११५ गिगाहर्ट्झची रेष १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी ॲरिझोनातून टिपली, आणि थंड ढगांचे नकाशे काढता येऊ लागले. तारे याच ढगांतून जन्मतात. ढगात सगळ्यात जास्त असतो हायड्रोजन, पण इतक्या थंडीत त्याचा रेणू अशी खूण देतच नाही.

आता पडद्यावर रेषांची ही दाटी बघा. यातली कुठली कोणाची?

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेची लांब नळी, पंप, वायूची बाटली.)

याचं उत्तर दुर्बिणीपाशी नसतं. ते अशा खोल्यांमध्ये मिळतं. नळीतली हवा पंपाने काढून घेतात आणि हव्या त्या संयुगाचा अगदी थोडा वायू आत सोडतात. मग मिलिमीटर लहरी आरपार पाठवून, नेमक्या कुठल्या वारंवारितेला त्या शोषल्या जातात याची नोंद होते. एका रेणूच्या हजारो रेषा असू शकतात. त्यातला एक कार्बन जड असला किंवा हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, आला, की सगळ्या रेषा सरकतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. महिनोन्महिने जातात. अशा मोजमापांची मोठी सूची जर्मनीतल्या कलोन विद्यापीठात सांभाळली जाते, दुसरी अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत. दोन्ही विनामूल्य, कुणालाही खुल्या. रेण्वीय खगोलशास्त्राचा सगळा डोलारा या सूच्यांवर उभा आहे, आणि बातम्यांमध्ये त्यांचं नाव येत नाही. ते यायला हवं.

२०१२ साली आयआरएएस १६२९३ या जोडीभोवतीच डेन्मार्कच्या येस यॉर्गेनसेन यांच्या गटाला ग्लायकॉलअल्डिहाइड हा साखरेच्या जातीचा साधा रेणू सापडला. २०१७ साली मिथाइल आयसोसायनेट सापडलं. होय, भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात हजारो माणसांचा जीव घेणारा तोच वायू. सूर्यासारख्या बालताऱ्याभोवती तो पहिल्यांदाच दिसला. दोन गट एकाच वेळी तिथे पोचले होते: एकाची सूत्रं माद्रिद आणि फ्लॉरेन्समध्ये, दुसऱ्याची लायडन आणि लंडनमध्ये. दुसऱ्या गटाने तर उणे २५८ अंशांवर बर्फाच्या थरात हा रेणू तयार होऊ शकतो, हेही प्रयोगाने दाखवलं. अमिनो आम्लं एकमेकांना जोडणाऱ्या बंधांशी त्याचं नातं आहे, म्हणून जीवसृष्टीच्या उगमाच्या चर्चेत त्याला महत्त्व.

(दृश्य: पुन्हा डिश. सगळ्या एकदम दिशा बदलतात.)

आल्माच्या भागीदारांत भारत नाही, पण भारतीय खगोलशास्त्रज्ञ इथल्या प्रकल्पांत आहेत. महाकाय तारे जन्मत असलेल्या १४६ वायुपुंजांचं आल्माने केलेलं ॲटम्स हे सर्वेक्षण घ्या. त्यात तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचाही सहभाग आहे. आल्माची निरीक्षणं साधारण वर्षभर मूळ गटाकडे राहतात, मग ती सर्वांसाठी खुली होतात.

आणि पडद्यावरच्या कित्येक रेषा अजून निनावी आहेत. त्या ओळखायला नळीत वायू भरून मोजणारी माणसं लागतील. आपल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या वर्गात वर्णपट शिकवला जातो. त्या वर्गातल्या मुलामुलींना या कामाची माहिती मिळावी, म्हणून हा चित्रपट मराठीत केला.