राजदंडावरचं अर्धं अंडं

हा रशियाच्या झारांचा राजदंड. त्याच्या टोकावरच्या गरुडाकडे आत्ताच बघू नका. सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते, काळं मीनाकाम, दोन डोकी, छातीवर रशियाचं राजचिन्ह, आपल्याकडच्या गंडभेरुंडाचा लांबचा भाऊच वाटतो. पण जरा खाली या. हा बघा ओर्लोव्ह. अर्धं अंडं ठेवल्यासारखा हिरा, एक बाजू सपाट, दुसरी घुमटासारखी, वजन जवळपास 190 कॅरट.

आता फ्रेम झूम करून बघा, घुमटावर छोटे छोटे पैलू, रांगेवर रांग. हे काम रशियात झालेलंच नाही, हे भारतातल्या कारागिराचं. युरोपचे कारागीर चमक वाढवायला दगड बिनधास्त छाटायचे, आपले लोक वजन जपायचे, मूळ खड्याचा आकार होता तसाच ठेवून त्याच्यावर पैलू पाडत जायचे, आणि हिरा घासायला दुसरं काहीच चालत नाही, हिऱ्याचीच भुकटी लागते, तेल लावून चाकावर, दिवसेंदिवस. हा खडा गोवळकोंड्याच्या खाणींतला मानतात, त्यातली मोठी खाण कोल्लूरची, कृष्णेकाठची. हो, आपल्या महाबळेश्वरला उगम पावते तीच कृष्णा.

कारागिराचं नाव कोणालाच माहीत नाही. नाव लागलं विकत घेणाऱ्याचं. काउंट ग्रिगोरी ओर्लोव्ह, रशियाची राणी कॅथरीन हिचा जुना प्रियकर, संबंध बिघडल्यावर त्याने हा हिरा लाझारेव्ह नावाच्या अर्मेनियन व्यापाऱ्याकडून घेतला आणि राणीला भेट दिला. प्रेम काही परत आलं नाही, हिरा तेवढा 1774 मध्ये राजदंडात बसला. श्रीरंगमच्या देवळातून चोरल्याची गोष्टही सांगतात, पुरावा काही नाही.

दांडा बघा आता. एकूण लांबी साधारण 60 सेंटीमीटर, झळाळी दिलेलं सोनं, आणि त्याच्यावर मध्येमध्ये हिऱ्यांची कडी, आठ आहेत, मोजून घ्या. मधलं सोनं मुद्दाम गुळगुळीत सोडलंय, म्हणून तर कडी उठून दिसतात. सगळीकडे खडे ठोकले असते तर नजर वर गेलीच नसती. ही कल्पना मात्र तिथल्या सोनाराची, मान्य.

पुढे 1917 ची क्रांती, झार गेला, 1927 मध्ये लंडनला शाही दागिन्यांचा काही भाग लिलावात गेला, हा राहिला. आता मॉस्कोत, क्रेमलिनच्या डायमंड फंडात, म्हणजे तिथल्या हिरे-दागिन्यांच्या सरकारी संग्रहात, काचेआड.

आता परत तोच घुमट. लाइट हळूहळू फिरतोय, बघा.